परड्यातल्या कोंबड्या आणि शेजारची मोकळी कुत्री: जाळी कुठं मारायची, कागद कधी करायचा

कुत्रं कोंबडीवर जातं ते बहुतेक वेळा भुकेनं नव्हे. कोंबडी फडफडते, ओरडते, पळते, आणि पळणाऱ्या गोष्टीमागं धावणं हा कुत्र्याचा स्वभावच आहे. एक पडली की दुसरी फडफडते, मग तिच्यामागं. म्हणून पोट भरलेलं, गळ्यात पट्टा असलेलं पाळीव कुत्रंसुद्धा दहा मिनिटांत अख्खं खुराडं मोकळं करतं आणि त्यातली एकही कोंबडी खात नाही. एकदा ही चटक लागली की तेच कुत्रं त्याच वाटेनं पुन्हा येतं. पहिल्या हल्ल्यानंतरचा आठवडा त्यामुळंच सगळ्यात धोक्याचा.

गावठी कोंबडी निदान झाडावर, पत्र्यावर उडून बसते. गिरिराजसारखी जड जात तेवढी उडू शकत नाही, ती जमिनीवरच सापडते. परड्यात सुधारित जात ठेवली असेल तर कुंपणाला पर्याय नाही.

या लेखातली दोन कामं लक्षात ठेवा. कोंबडी वाचते ती जमिनीलगतच्या जाळीनं. भरपाई मिळते ती हल्ल्याच्या आधी दिलेल्या कागदानं. ही दोन्ही कामं लोक उलटी करतात: जाळी वर उंच नेतात आणि खालची फट तशीच राहते, आणि अर्ज लिहायला बसतात तो कोंबड्या पुरून झाल्यावर.

आधी खात्री करा, मारणारं कोण

शेजाऱ्याच्या दारात जाण्याआधी एवढं नक्की करा. चुकीचा आळ घेतला तर पुढं खरं असूनही कोणी ऐकत नाही.

पिसं परडंभर विखुरलेली, पाठीवर आणि मांडीवर चावे, तीन-चार कोंबड्या मेलेल्या पण न खाल्लेल्या, जाळी ओढून वाकवलेली: हे कुत्र्याचं काम. मुंगूस मान आणि डोकं धरतं आणि लहानशा भोकातून येतं. रानमांजर किंवा कोल्हा बहुधा एकच कोंबडी उचलून नेतो, मागं थोडी पिसं राहतात. दिवसा फक्त पिल्लं गायब होत असतील तर आधी आभाळाकडं बघा, घार असणार.

पाऊलखुणा घ्यायची सोपी रीत आहे. संध्याकाळी खुराड्याच्या दाराशी आणि कुंपणात जिथं फट वाटते तिथं दोन फूट रुंद पट्टा झाडून घ्या, त्यावर चाळलेली बारीक माती किंवा चुलीतली राख पसरा आणि हातानं हलकंसं पाणी शिंपडा. सकाळी झाडलोट करण्याआधी जाऊन बघा. चार बोटं आणि पुढं नखांचे टोकदार ठसे असतील तर कुत्रं. गोल ठसा, नखं न उमटलेली, तर मांजर. बारीक, पाच बोटांचा, लांब नखांचा ठसा मुंगसाचा. कोल्ह्याचा ठसा कुत्र्यासारखाच पण अरुंद असतो, म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या रानालगतच्या गावांत एकट्या ठशावर निकाल देऊ नका. ठशाशेजारी आगपेटी ठेवून मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे मापही कळतं. कुत्री कोणत्या बाजूनं आली, किती वाजता आली, अंगावरच्या खुणा काय, हे वहीत तारखेनिशी लिहून ठेवा.

जाळीच्या आधी हद्द

कुंपण आपल्याच जागेत पाहिजे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कुत्र्यासाठीच्या कुंपणाला बाहेरच्या बाजूला जमिनीवर दीड फूट जाळी अंथरावी लागते, ती का ते पुढं येईल. तो दीड फूटही आपल्याच हद्दीत बसला पाहिजे. म्हणजे जाळीचे खांब हद्दीपासून दीड फूट आत. ही जागा आधी सोडली नाही तर सगळं उखडून पुन्हा करावं लागतं, आणि कुत्र्याचा वाद बाजूला राहून जागेचा वाद सुरू होतो.

आपल्याकडं, म्हणजे कर्नाटकात, गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा फॉर्म ९ आणि फॉर्म ११ बघा, त्यात जागेची मापं आणि चतुःसीमा असतात. रानातल्या घराला पहाणीपत्रक, म्हणजे आरटीसी (जमिनीचा उतारा). हद्दीवरच वाद असेल तर नाडकचेरीत (गावागटाचं महसूल कार्यालय) हद्दुबस्तसाठी अर्ज करा. सरकारी भूमापक येऊन हद्द दाखवतो आणि शेजाऱ्यांना त्याची आधी नोटीस जाते. ही मोजणी झाल्यावरच खांब रोवा. वहिवाटीची वाट, गटार आणि गायरान जाळीत घेऊ नका. पंचायतीनं कुंपण काढायला लावलं तर तुमच्या हातात काही राहत नाही.

आणखी एक. आपल्या कोंबड्या शेजाऱ्याच्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात जात असतील तर ते आधी बंद करा. कोंबडी त्यांच्या परड्यात किंवा रस्त्यावर मारली गेली तर तुमची बाजू खूपच लंगडी पडते. आपल्या बंदिस्त जागेत शिरून मारली, हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी.

जाळी: १० कोंबड्यांसाठी १० बाय १० फूट

कोंबडीजाळी या नावानं दुकानात मिळते ती षटकोनी छिद्रांची बारीक तारेची जाळी कोंबड्या आत ठेवते, कुत्रं बाहेर ठेवत नाही. मध्यम आकाराचं कुत्रं ती दातानं धरून, पाय देऊन फाडतं. कुत्र्यासाठी वेल्डमेश (चौकोनी छिद्रांची, सांधे वेल्ड केलेली जाळी) किंवा चेनलिंक (जाड तार एकमेकींत गुंफलेली जाळी) घ्या. तारेची जाडी १२ गेज, अगदीच हात आखडता असेल तर १४ गेज. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, यात गिऱ्हाईक फसतं. १२ गेजची तार साधारण २.६ मिलिमीटर, १४ गेजची २ मिलिमीटर. छिद्र २ बाय २ इंच चालेल, पण पिल्लं असतील तर आतून खालच्या दोन फुटांना अर्धा-पाऊण इंची कोंबडीजाळी जोडा. त्या बारीक जाळीचं खरं काम हेच.

सामान असं लागतं. पाच फूट उंचीची वेल्डमेश, ५० फुटांचं एक बंडल (४० फूट घेर, वर जोड आणि दार). जमिनीवर अंथरायला तीन फूट रुंदीची जाळी २६ फूट. ती मधून उभी कापली की दीड फुटाच्या पट्ट्या होऊन एकूण ५२ फूट मिळतात, म्हणजे १३ फुटांच्या चार. सात फुटी खांब ९: चार कोपऱ्यांना, चार बाजूंच्या मधे, एक दारासाठी. दगडी किंवा सिमेंटचे उत्तम. निलगिरीचे किंवा मेसकाठीचे घेतले तर जमिनीत जाणारा भाग आणि वर सहा इंच डांबर लावा. तरीही पावसाळी भागात दोन-तीन वर्षांनी बदलावे लागतील हे धरून चाला. सिमेंट एक पोतं पुरतं. बाइंडिंग वायर दोन किलो.

कामाचा क्रम:

१. दोरी लावून चौकोन आखा, कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले (१४ फूट पावणेदोन इंचांच्या आसपास) तर कोपरे काटकोनात आहेत.

२. खड्डे नऊ इंच रुंद, दीड फूट खोल. खानापूर भागात जांभा लागला तर पहारीनं वेळ लागतो, पण खांब घट्ट बसतो. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात उलटं: माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि दुसऱ्या वर्षी खांब कलतो. तिथं आठ फुटी खांब घ्या, खड्डा अडीच फूट खणा आणि बाजूनं काळ्या मातीऐवजी मुरूम ठासा.

३. काँक्रीट एक घमेलं सिमेंट, तीन वाळू, सहा खडी. तीन दिवस पाणी मारा, जाळी आठवड्यानंतरच ताणा. ओल्या काँक्रीटवर जाळी ताणली की कोपऱ्याचे खांब आत झुकतात आणि मग जाळी कधीच ताठ राहत नाही.

४. जाळी खांबाच्या बाहेरून लावा. कुत्रं बाहेरून ढकलतं तेव्हा जाळी खांबावर दाबली जाते. आतून लावली तर सगळा जोर बांधलेल्या तारेवर येतो आणि दोन धक्क्यांत गाठी सुटतात.

५. खालच्या दोन फुटांत दर सहा इंचांवर वायर, वर दर फुटाला एक चालेल. वायरची टोकं पकडीनं पिळून आत वळवा, नाहीतर कोंबडीच्या डोळ्याला लागतात.

६. आता दीड फुटाची पट्टी. कुत्रं कुंपणाच्या अगदी पायाशीच उकरतं. चार पावलं मागं सरून तिथून बोगदा खणायचं त्याला सुचत नाही. म्हणून उभ्या जाळीला खाली जोडून बाहेरच्या बाजूला पट्टी आडवी अंथरायची. उभ्या जाळीशी दर चार इंचांवर बांधा, वरून दोन-तीन इंच माती आणि जड दगड टाका. कुत्रं उकरायला लागलं की नखं जाळीला लागतात आणि ते सोडून देतं. कोपऱ्यात पट्ट्या एकमेकींवर दीड फूट चढल्या पाहिजेत. एरवी नीट केलेलं कुंपण फुटतं ते कोपऱ्यातच.

हद्दीला चिकटून जागा असेल आणि दीड फूट सुटत नसेल तर उभ्या जाळीखाली एक फूट खोल चर काढून त्यात चिरे उभे बसवा. खर्च जास्त, पण जागा आपलीच राहते.

७. दार बाहेर उघडणारं नको, आत उघडणारं करा आणि उंबऱ्याला चिरा बसवा. मग कुत्र्यानं बाहेरून ढकललं तर जोर कडीवर येतो, म्हणून कडी एक नव्हे, दोन: एक वर, एक गुडघ्याच्या उंचीवर, दोन्हीत खुंटी. दाराखाली दोन इंचांपेक्षा जास्त फट ठेवू नका.

वरून नायलॉनची जाळी घाला, घारीसाठी. ती काळी-निळी कुठलीही चालते.

पैसे एकदम जमत नसतील तर आधी खालचे तीन फूट आणि पट्टी करा, वर जुनी मच्छीजाळी बांधा. पाच फूट उंच पण खालून उघडं कुंपण यापेक्षा कमी कामाचं. घायपात, सागरगोटा, करवंद यांची वई चांगली, पण ती दाट व्हायला तीन-चार वर्षं जातात. तोवर ती जाळीच्या जोडीला, जाळीच्या जागी नव्हे.

रात्रीचं खुराडं

मोकळं परडं दिवसाचं, रात्री कोंबड्या वेगळ्या बंद पाहिजेत. दहा कोंबड्यांना चार बाय पाच फूट पुरतं. बसायला दीड-दोन इंच जाडीची गोल काठी, प्रत्येकीला आठ इंच.

खुराडं खांबांवर उचललेलं असेल आणि तळ पट्ट्यांचा असेल तर एक गोष्ट नेहमी घडते: कुत्रं खाली शिरून पट्ट्यांच्या फटीतून कोंबडीचा पाय ओढतं. सकाळी कोंबड्या जिवंत दिसतात, पण दोन-तीन लंगड्या आणि पायाची बोटं तुटलेली. पट्ट्यांखाली अर्धा इंची वेल्डमेश मारा, किंवा खुराड्याच्या खालचा भाग चारही बाजूंनी चिऱ्यानं बंद करा. खिडक्यांनाही हीच अर्धा इंची जाळी.

दिवस मावळल्यावर लगेच मोजून बंद करा. पहाटे फटफटीत उजाडल्याशिवाय सोडू नका. कुत्र्यांच्या टोळ्या फिरतात त्या याच दोन वेळांना.

आणि गल्लीत कोंबडीची आतडी, पिसं टाकायची सवय गावानं सोडली पाहिजे. यात्रेनंतरच्या आठ दिवसांत परड्यांवर कुत्री वाढतात ती उगाच नव्हे. दोन फूट खड्डा, वर चुना, वर माती, वर दगड. आपल्या घरापासून सुरुवात करा.

शेजाऱ्याशी बोलणं आणि कागद

पहिलं बोलणं तोंडीच असावं आणि कुत्रं कोंबडी मारण्याआधी असावं. चारचौघांत नको, त्यांच्या अंगणात जाऊन. "मामा, तुमचा तांबडा कुत्रा तीन दिवस झाले पहाटे आमच्या परड्यात येतोय. फोटो आहे बघा. आम्ही जाळी मारतोय, तुम्ही तेवढं रात्री दहा ते सकाळी आठ त्याला बांधा." मागणी अशी नेमकी वेळेनिशी ठेवली की माणसाला हो म्हणता येतं. "कुत्रं आवरा" म्हटलं की भांडण होतं.

आठ दिवसांत फरक पडला नाही तर लेखी. इथं कायद्याचा एक मुद्दा समजून घ्या. दिवाणी दाव्यात प्रश्न येतो: आपलं कुत्रं असं करतं हे मालकाला माहीत होतं का, आणि तरी त्यानं काळजी घेतली नाही का? तुमची चिठ्ठी हेच सिद्ध करते. मजकूर पाच-सहा ओळींचा पुरे: कुत्र्याचं वर्णन, कोणत्या तारखांना, किती वाजता, आपल्या कोणत्या जागेत (मालमत्ता क्रमांक घाला) आलं, काय नुकसान झालं, काय करावं अशी विनंती, आणि यापुढं नुकसान झाल्यास भरपाई मागितली जाईल. शिवी नको, धमकी नको. पोचपोस्टानं पाठवा, पावती जपा. एक प्रत ग्रामपंचायतीत पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) नावे देऊन शिक्का घ्या.

तक्रार मराठीतून द्यायला घटनेच्या कलम ३५० चा आधार आहे: राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तरी खाली कन्नडमध्ये चार ओळींचा सारांश जोडा. कागद पुढच्या टेबलावर लवकर सरकतो, आणि तुम्हाला भाषेचा नव्हे, कोंबड्यांचा प्रश्न सोडवायचा आहे.

कुत्रं कुणाचंच नसेल, गल्लीतलं असेल, तर अर्ज पंचायतीला: २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी. पण त्याच नियमांनुसार कुत्रं नसबंदीनंतर जिथून नेलं तिथंच परत सोडतात. म्हणजे अर्जानं टोळी वाढायची थांबते, तुमच्या गल्लीतलं कुत्रं नाहीसं होत नाही.

हल्ला झाला त्या दिवशी

काही उचलण्याआधी फोटो. मेलेल्या कोंबड्या जिथं पडल्या तिथंच, जाळी कुठं वाकली, ठसे, आणि कुत्रं दिसत असेल तर ते. दोन शेजाऱ्यांना बोलावून दाखवा, त्यांच्या सह्यांनिशी साधा पंचनामा लिहा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. डॉक्टरांनी कुत्र्याच्या चाव्यानं मृत्यू असं लिहून दिलं तर त्याचं वजन तुमच्या शब्दापेक्षा जास्त. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा नंबरही आहे. किंमत लावताना अंड्यावरची कोंबडी मटणाच्या भावानं धरू नका. तशीच तलंग (तरणी कोंबडी) आठवड्याच्या बाजारात आज कितीला मिळते, ते विकणाऱ्याकडून कागदावर लिहून घ्या.

मेलेल्या कोंबड्या खाऊ नका, कुणाला देऊ नका, आणि गल्लीत तर मुळीच टाकू नका. तीन फूट खोल पुरा.

जखमी कोंबडी अंधाऱ्या, उबदार खोक्यात वेगळी ठेवा. धक्क्यानंच बऱ्याच मरतात. वरून एक भोक दिसतं, पण पिसांखाली कातडी सुटलेली असते, म्हणून जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापून नीट बघा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ (सपाट दीड चमचा) घालून धुवा, मग कोऱ्या चहाच्या फिक्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन. कातडीखाली हात फिरवल्यावर चरचर लागली तर हवेची पिशवी फुटली आहे, ती डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात माशी बसून दोन दिवसांत किडे पडतात, सकाळ-संध्याकाळ तपासा. लाल जखम दिसली की बाकीच्या कोंबड्या टोचतात. पूर्ण भरेपर्यंत कळपात सोडू नका. वाचलेल्या कोंबड्या काही आठवडे अंडी देणार नाहीत, खाद्य बदलून उपयोग नाही.

सोडवताना तुम्हाला कुत्रं चावलं किंवा नख लागून रक्त आलं तर कोंबड्या राहू देत. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. कातडीतल्या लशीचे डोस त्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि २८ व्या दिवशी असतात. रक्त आलं असेल तर वेगळी सिरम जखमेत द्यावी लागते, ती आठवणीनं मागा.

कायद्यानं काय मिळतं, काय नाही

कोंडवाड्यात कुत्रं घेत नाहीत. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरं अशा जनावरांपुरता आहे.

पोलिसांकडं भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतात. त्यात निष्काळजी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण ते कलम जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीला धोका असेल तेव्हाचं आहे. नुसत्या कोंबड्या मेल्या तर ठाण्यात "दिवाणी मामला आहे" असंच ऐकायला मिळेल. ते कुत्रं पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या अंगावर खरोखर जात असेल तर ते तारखेनिशी लिहा. नसेल तर वाढवून लिहू नका, चौकशीत उघडं पडतं. धोकादायक जनावर आवरण्याचा हुकूम नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली तहसीलदार किंवा प्रांत कार्यकारी दंडाधिकारी म्हणून देऊ शकतात.

विष घालू नका. न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावर मारण्याला, विष घालण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मग फिर्यादी शेजारी होतो, आरोपी तुम्ही. शिवाय ते विष कावळ्याकडून, उंदराकडून तुमच्याच परड्यात येतं. तारेत घरचा करंट सोडणं तर माणूस मारण्याचं काम आहे, पावसात कुणाचं तरी पोर तिथं हात लावतं. झटका द्यायचाच असेल तर ठोके देणारं सोलर यंत्र तयार मिळतं. त्याच्या दोन तारा जमिनीपासून सहा आणि सोळा इंचांवर, आणि खालचं गवत दर आठवड्याला कापलेलं. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो. काठी आपटणं, ओरडणं, पाणी मारणं, हाकलणं याला कुणाची हरकत नाही.

पाच-दहा हजारांसाठी दिवाणी दावा लावण्याआधी तालुक्याच्या कोर्टातल्या कायदा सेवा समितीकडं दावापूर्व अर्ज करा. प्रकरण लोकअदालतीत ठेवतात, कोर्ट फी लागत नाही आणि तिथला तडजोडीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखाच बांधील असतो. गावातल्या पंचांसमोर मिटत असेल तर ते आणखी बरं, पण तेही कागदावर. त्या कागदात चार गोष्टी पाहिजेत: किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत, कुत्रं कोणत्या वेळात बांधलेलं राहील, आणि सामाईक बाजूच्या जाळीचा खर्च कोण किती उचलणार. चौथी गोष्ट लोक विसरतात. खरं तर शेजारी पैशापेक्षा त्यालाच लवकर तयार होतो: तो दोन खांब देतो, तुम्ही जाळी आणता, आणि एका रविवारी दोन्ही घरची माणसं मिळून ती बाजू उभी करतात.